गरोदरपणातली कंबरदुखी : साधी कोणती आणि दाखवायची कोणती

गेल्या आठवड्यात एक सासूबाई सातव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. सून खुर्चीवर बसताना दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसली आणि बसल्यावर तिने मोठा सुस्कारा टाकला. बोलायला सुरुवात सासूबाईंनीच केली. "डॉक्टरसाहेब, हिची कंबर दुखते म्हणे. रात्री कूस बदलता येत नाही. आम्ही नववा लागेपर्यंत विहिरीचं पाणी ओढलं, आमची नाही कधी दुखली. एखादं इंजेक्शन देऊन टाका."

मी विचारले, "मावशी, खरंच नाही दुखली?"

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "दुखायची. पण सांगायचं कुणाला?"

गरोदरपणात निम्म्याहून अधिक स्त्रियांची कंबर कधी ना कधी दुखते. बहुतेकींना हा त्रास पाचव्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान सुरू होतो आणि दिवस भरत येतात तसा वाढतो. ज्यांची कंबर आधीपासून दुखत असे किंवा पहिल्या खेपेला दुखली होती त्यांना तो लवकर आणि जास्त होतो. इतके सर्रास दुखणे असूनही आपल्याकडे त्यावर दोनच उपाय चालतात. घरात "असं चालायचंच" म्हणून सोडून दिले जाते. ते फारच वाढले की कुणीतरी इंजेक्शन टोचून मोकळे होते. पहिल्यात बाईला विनाकारण सोसावे लागते, दुसऱ्यात बाळाला धोका होऊ शकतो. शिवाय दोन्हींत एक गोष्ट राहून जाते. ही कंबर नेमकी कशाने दुखते आहे, हे कुणी विचारतच नाही.

शरीराचा तोल बदलतो

बाजारात पाठीवर पोते घेतलेला हमाल पुढे वाकून चालतो. पोटाशी धान्याचा डबा धरून जिना चढणारा माणूस मागे रेलतो. भार ज्या बाजूला असेल त्याच्या उलट बाजूला आपण झुकतो, नाहीतर तोल जाईल. गरोदर बाईचा भार पोटाकडे असतो आणि दिवसागणिक वाढत असतो. तो डबा तिला कुठे टेकवून ठेवता येत नाही, एवढाच फरक.

हा भार किती? एरवी साधारण 60 ते 70 ग्रॅम वजनाचे गर्भाशय दिवस भरेपर्यंत स्वतःच सुमारे 1 किलोचे होते. त्यात अडीच ते तीन किलोचे बाळ, अर्धा किलोच्या आसपास वार आणि पाऊण ते एक लिटर गर्भजल. छाती भरते, रक्ताचे प्रमाण वाढते, अंगात पाणी व थोडी चरबी साठते. सगळे मिळून वजन 10 ते 12 किलोंनी वाढते आणि त्यातला बराच भाग कमरेच्या पुढे असतो.

हा भार सावरण्यासाठी बाई खांदे मागे टाकते. पोट पुढे जाते आणि कमरेच्या मणक्यांची जी मुळातली आत गेलेली बाक असते ती अधिक खोल होते. खांदे मागे गेले की नजर समोर ठेवण्यासाठी मान पुढे येते, त्यामुळे मान आणि पाठीचा वरचा भागही भरून येतो. पोटाचे स्नायू एरवी कमरेला पुढून आधार देतात. तेच आता ताणले जाऊन पातळ होतात. कित्येकींच्या पोटावरचे दोन उभे स्नायू मधोमध एकमेकांपासून दूर सरकतात. मग सगळा ताण पाठीमागच्या स्नायूंवर येतो. दोन माणसांनी उचलायचे ओझे एकाने उचलल्यावर जे होईल तेच कमरेचे होते, आणि संध्याकाळपर्यंत ती दगडासारखी घट्ट होते.

दुसरा बदल सांध्यांत होतो. बाळाला वाट मिळावी म्हणून शरीर रिलॅक्सिन, प्रोजेस्टेरॉन अशी संप्रेरके तयार करते. त्यामुळे ओटीच्या हाडांना एकमेकांशी बांधणारे दोर, ज्यांना अस्थिबंध म्हणतात, ते सैल पडतात. ओटीपोटाच्या खाली, समोर जिथे दोन हाडे जुळतात तिथली 4 ते 5 मिलिमीटरची फट आणखी 2 ते 3 मिलिमीटरने रुंदावते. ऐकायला हे किरकोळ वाटेल. पण सगळ्या शरीराचा भार ज्या सांध्यांवरून पायांत उतरतो ते सांधेच ढिले झाले की प्रत्येक पावलाला हाडे एकमेकांवर किंचित सरकतात. म्हणून नववा लागला की बाई पाय फाकवून, डुलत डुलत चालते. मात्र संप्रेरके जास्त म्हणजे दुखणे जास्त, असा सरळ हिशेब तपासण्यांत दिसलेला नाही. कामाची पद्धत, स्नायूंची ताकद, झोप आणि मनावरचा ताण हे सगळे त्यात मिसळते.

याबाबत 2007 साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात एक वाचण्यासारखा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांच्या कमरेची बाक खालच्या दोन मणक्यांच्या पाचरीसारख्या आकारामुळे बनते, तर स्त्रियांच्या कमरेत तीच बाक तीन मणक्यांवर विभागलेली असते, असे त्यात दाखवले आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या, दोन पायांवर चालू लागलेल्या आपल्या पूर्वजांच्या अवशेषांतही हा फरक त्यांना दिसला. म्हणजे मागे रेलून बाळाचा भार पेलण्याची तजवीज निसर्गाने बाईच्या पाठीच्या कण्यातच करून ठेवलेली आहे. मी हे त्या सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या सुनेच्या पाठीकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहू लागल्या. अर्थात निसर्गाने तजवीज केली ती बाळाचा भार पेलण्यासाठी. त्यावर कडेला पाण्याने भरलेली कळशी आणि काखेला दोन वर्षांचे पोर हे आपण चढवतो.

दुखणे नेमके कुठे?

रुग्ण "कंबर दुखते" म्हणतात तेव्हा मी त्यांना बोट ठेवून दाखवायला सांगतो. बोट कुठे जाते त्यावरून पुष्कळ कळते.

कमरेच्या मधोमध, पट्टा बांधतो त्या जागी आडवा तळहात फिरला तर ते बहुधा स्नायूंचे दुखणे. ते दिवसभराच्या उभे राहण्याने, ओणवे होण्याने वाढते आणि आडवे झाले की कमी होते.

बोट कमरेच्या खाली, पार्श्वभागावर जिथे खळी असते तिथे गेले किंवा समोर जांघेत, ओटीच्या हाडावर गेले तर ते सैल झालेल्या सांध्यांचे दुखणे. त्याची खूण म्हणजे एका पायावर भार आला की कळ येते. जिना चढताना, परकर घालताना, रिक्षात चढताना, कुशीवर वळताना बाई "आई गं" म्हणते. या प्रकारात फार चालणे सोसत नाही.

क्वचित दुखणे कुल्ह्यातून मांडीच्या मागे, पोटरीपर्यंत मुंग्या येत उतरते. पायात थोडेसे काही झाले की लोक लगेच 'सायटिका' म्हणतात. खरी नस दबण्याचे प्रमाण गरोदरपणात फार कमी, शंभरात एखादीला.

वरच्या पहिल्या दोन प्रकारांत घाबरण्यासारखे काही नसते आणि त्यांवर घरच्या घरी पुष्कळ करता येते. ते पुढे सांगतोच. पण त्याआधी माझीच एक चूक सांगणे भाग आहे.

जे दुखणे कमरेचे नव्हते

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीनच्या काढणीचे दिवस, दवाखान्यात गर्दी. सात महिन्यांची एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. दुसरी खेप. "कंबर दुखते दोन दिवस झाले," नवऱ्याने सांगितले. मी विचारले, शेतात जाते का? म्हणाला, जाते. मी म्हटले, मग दुखणारच. विश्रांती घे, शेक घे, आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. तिला मी बोट ठेवून दाखवायला सांगितले नाही. तपासायच्या टेबलावर घेतले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिला जीपमध्ये घालून आणले. हुडहुडी भरून ताप, उलट्या, आणि दुखणे उजव्या बरगडीच्या खाली, पाठीकडे. तिथे मी हलकेच मूठ ठेवली तरी ती कळवळली. लघवी तपासली तर पू भरलेला. मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला होता. विचारल्यावर तिने सांगितले की आठवडाभर उन्हाळी लागली होती, लघवीला आग होत होती. मी विचारले असते तर तिने पहिल्याच दिवशी सांगितले असते. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवेपर्यंत कळा सुरू झाल्या आणि ती वेळेच्या फार आधी बाळंत झाली. बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत होते. ते वाचले, पण त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

गरोदरपणात वाढलेल्या गर्भाशयाचा दाब मूत्रवाहिन्यांवर येतो, संप्रेरकांनी त्या सैलही होतात. त्यामुळे लघवी साचून राहते आणि जंतूंना वर चढायला वाट मिळते. गर्भाशय थोडे उजवीकडे कललेले असल्याने हा त्रास उजव्या बाजूला अधिक दिसतो. कधीकधी लघवीत जंतू असूनही आग होत नाही, म्हणून गरोदरपणात लघवीची तपासणी तक्रार नसली तरी करून घ्यायची असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान 2016 साली सुरू झाले, त्यात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही तारीख चुकवू नये. आशाताई बोलवायला येतात तेव्हा "बरी आहे की मी" म्हणून त्यांना परत पाठवू नये.

त्या दिवसापासून कंबरदुखीची गरोदर बाई आली की मी काही प्रश्न विचारल्याशिवाय तिला उठू देत नाही. हेच प्रश्न घरात सासूने, नवऱ्याने, जावेनेही विचारावेत.

दुखणे सतत आहे, की थांबून थांबून येते? कमरेतून सुरू होऊन पोटाकडे येणारी, दर दहा-पंधरा मिनिटांनी भरून येणारी आणि ओसरणारी कळ ही बाळंतपणाची कळ असू शकते. त्या वेळी पोटावर हात ठेवला तर ते कडक लागते. पुष्कळ बायकांना कळा पोटात न येता कमरेतच जाणवतात. 37 आठवडे पूर्ण व्हायच्या आत असे झाले तर "गॅस झाला असेल" म्हणून ओव्याचे पाणी देत बसू नये. वेळेत पोहोचले तर कळा काही काळ लांबवता येतात आणि बाळाची फुप्फुसे तयार होण्यासाठी आईला इंजेक्शने देता येतात.

अंगावरून लाल जाते का, पाणी जाते का? बाळाची हालचाल कमी झाली का? अचानक उठलेले जबर दुखणे आणि लाकडासारखे कडक झालेले पोट, विशेषतः रक्तदाब वाढलेला असताना किंवा पडल्या-झडल्यावर, हे वार आधीच सुटत असल्याचे लक्षण असू शकते. यात रक्त आतच साठते आणि बाहेर थेंबही दिसत नाही असेही होते. इथे तासांचा नाही, मिनिटांचा प्रश्न असतो. 108 ला फोन करावा.

लघवीला आग, थंडीताप, एकाच कुशीत दुखणे आहे का, हे वर सांगितलेच.

पायात ताकद कमी वाटते का? बसण्याच्या जागेवर, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आहे का? लघवी अडकते किंवा नकळत होते का? मग नस जोरात दबली आहे. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे.

आणि शेवटचा प्रश्न, जो आपल्या देशात विसरून चालत नाही. आडवे झाल्यावरही न थांबणारे, झोपेतून उठवणारे दुखणे आहे का? संध्याकाळी अंग कोमट लागते का, वजन वाढायच्या ऐवजी घटते का? मणक्याचा क्षय गरोदरपणातही होतो आणि "दिवस आहेत म्हणून दुखते" या समजुतीखाली महिनोन्महिने लपून राहतो. त्याचे उपचार गरोदरपणातही करता येतात.

यांपैकी काहीही नसेल तर निर्धास्त व्हावे आणि कमरेकडे वळावे.

काम सोडायचे नाही, कामाची रीत बदलायची

आमच्याकडे दोन टोकाची मते आहेत. एक म्हणते, जितके राबशील तितकी सुखरूप सुटशील. दुसरे म्हणते, पलंगावरून पाय खाली ठेवू नकोस. अतिश्रमाने बाळंतपण सोपे झालेले मी पाहिलेले नाही. आणि डॉक्टरांनी काही कारणाने सांगितले नसेल तर नुसते पडून राहिल्याने स्नायू आणखी ढिले पडतात आणि दुखणे वाढते. हालचाल हवी, ओझे नको.

आपल्या घरातली बहुतेक कामे ओणवे होऊन करायची असतात आणि नेमके तेच गरोदर कमरेला सोसत नाही. आखूड केरसुणीने घर झाडताना बाई गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकते. लांब दांड्याचा झाडू आणा, तो फार महाग नसतो. मोरीत वाकून धुणे धुण्याऐवजी उंच पाटावर किंवा स्टुलावर बसावे आणि बादलीही विटांवर चढवून घ्यावी. पिळलेल्या कपड्यांचा पिळा एकदम उचलू नये. ओट्याशी उभे राहून पोळ्या लाटायच्या असतील तर पायाशी एक पाट ठेवून त्यावर एक पाय टेकवावा आणि थोड्या थोड्या वेळाने पाय बदलावा. त्याने कमरेची बाक कमी होते. पन्नास पोळ्या एका दमात लाटण्याची गरज कुणालाच नसते. मध्ये बसावे, आणि घरातल्या माणसांनी तिला बसू द्यावे.

पाणी भरताना एका कडेवर मोठी कळशी घेतली की सगळी कंबर एका बाजूला वाकते. त्याऐवजी दोन्ही हातांत दोन लहान, अर्ध्या भरलेल्या बादल्या बऱ्या. शेवटच्या महिन्यांत तेही नको. तोल आधीच बदललेला असतो आणि नळाजवळची जागा शेवाळलेली असते. खाली पडलेली वस्तू उचलायची तर गुडघ्यांत वाकावे, वस्तू अंगाशी घ्यावी आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. उचलता उचलता कमरेतून वळू नये. उसण भरते ती नेमकी त्या क्षणी.

थोरले मूल कडेवर घेण्याचा प्रश्न मात्र अवघड आहे. नवे बाळ यायचे म्हणून थोरले आधीच रडवेले झालेले असते आणि आईलाही त्याला दूर करवत नाही. आपण खाली बसावे आणि त्याला मांडीवर चढू द्यावे. घ्यायचेच झाले तर त्याला आधी खाटेवर उभे करून मग घ्यावे आणि पुढून, दोन्ही हातांनी घ्यावे. एका कुल्ह्यावर नको. बाकी वेळ बाबा आहेत, आजोबा आहेत, त्यांचे हात रिकामे असतात.

शाळेत, दुकानात, कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांनी तासाभरातून पाच मिनिटे तरी बसावे, आणि बसून काम करणाऱ्यांनी तितकाच वेळ उठून चालावे. खुर्चीत बसताना कमरेच्या खळगीत गुंडाळलेला टॉवेल किंवा लहान उशी ठेवावी. पाय लोंबकळत ठेवू नयेत. उंच टाचा नकोत, तशी झिजून कागदासारखी झालेली रबरी स्लिपरही नको. खुरपणीला जाणाऱ्या बायकांना उकिडवे बसून पुढे सरकावे लागते. त्यांना मी सांगतो की ओळ संपली की उभे राहा, कमरेवर हात ठेवून हलकेच दोन-चार वेळा मागे-पुढे व्हा. ज्यांना ऊसतोडीला जावे लागते त्यांना काय सांगावे हे मला आजही सुचत नाही. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढणाऱ्या पोटुशी बाईला कंबरेचे व्यायाम सांगणे ही चेष्टा आहे. तिला त्या कामातून सोडवणे एवढाच उपाय, आणि तो माझ्या चिठ्ठीवर लिहून होत नाही.

झोप आणि व्यायाम

पाचव्या महिन्यानंतर उताणे झोपले की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो. काहींना चक्कर येते, घाम फुटतो. म्हणून कुशीवर झोपावे. डावी कूस जास्त चांगली, पण उजवीही चालते. रात्रीतून जाग आली आणि आपण उताण्या असल्याचे कळले तर घाबरू नये, नुसते वळावे. गुडघे थोडे दुमडून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी आणि पोटाखाली घडी केलेली गोधडी ठेवली तर कंबर आणि ओटीची हाडे दोन्ही सुखावतात. वीस रुपयांची गोळी जे करत नाही ते हे उशीचे काम पुष्कळदा करते. कूस बदलताना गुडघे जुळवून ठेवावेत आणि खांदे-कंबर एकदम फिरवावी. उठताना आधी कुशीवर व्हावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने बसावे. सरळ उताण्या स्थितीतून उठण्याची सवय मोडावी.

व्यायामांत सर्वांत सोपा आणि सुरक्षित म्हणजे चालणे. सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा तास, बोलता येईल इतक्या गतीने. दुसरा व्यायाम भिंतीचा. भिंतीला पाठ लावून उभे राहावे, टाचा भिंतीपासून थोड्या पुढे, गुडघे किंचित वाकलेले. आता पोट हलके आत घेऊन कमरेची खळगी भिंतीला टेकवायचा प्रयत्न करावा. पाच आकडे मोजून सोडावे. श्वास रोखू नये. असे आठ-दहा वेळा. तिसरा मांजराचा. सतरंजीवर हात-गुडघे टेकून ओणवे व्हावे, मांजर आळस देताना करते तशी पाठ सावकाश वर कमानीसारखी करावी आणि परत सरळ आणावी. पोट खाली लोंबू देऊ नये. याने बाळाचा भार थोडा वेळ कमरेवरून उतरतो आणि बायकांना लगेच हायसे वाटते. अंगावरून रक्त गेले असेल, वार खाली असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा रक्तदाब वाढला असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

जांघेत आणि कुल्ह्याच्या सांध्यांत दुखत असेल तर गरोदर स्त्रियांसाठी मिळणारा पट्टा पोटाच्या खालून, कुल्ह्यांवरून बांधल्याने काहींना आराम पडतो. तो काम करताना बांधावा, झोपताना काढावा. साडीचा काठ फाडून पोट आवळून घेऊ नये.

शेक, मालिश आणि औषधे

गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेवर पंधरा मिनिटे ठेवावी, पोटावर नको. हलक्या हाताने तेल चोळायला हरकत नाही. पाठ तुडवून घेणे, "हाड बसवून" घेणे मात्र गरोदरपणात अजिबात नको. सांधे आधीच सैल आहेत.

गोळीची गरज पडली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साधी पॅरासिटामॉल, कमीत कमी दिवस. दुकानातून "कंबरदुखीची द्या" म्हणून आणलेल्या गोळीत बहुधा डायक्लोफेनॅक, ऍसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांपैकी काहीतरी असते, आणि बरोबर स्नायू सैल करणारे आणखी एक औषध मिसळलेले असते. शेवटच्या तिमाहीत या वेदनाशामकांनी बाळाच्या हृदयाजवळची एक महत्त्वाची रक्तवाहिनी जन्माआधीच आकसू शकते, हे पूर्वीपासून माहीत होते. 2020 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा इशारा दिला की 20 आठवड्यांनंतरच ही औषधे टाळावीत, कारण त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. सासूबाई ज्या इंजेक्शनबद्दल बोलत होत्या ते याच जातीचे. चोळायच्या मलमांतही हेच औषध असते, म्हणून ट्यूब घेतानाही विचारावे. रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनी ऍस्पिरिनची लहान गोळी दिली असेल तर ती मात्र आपल्या मनाने बंद करू नये, तिचे कारण वेगळे आहे.

कॅल्शियमच्या गोळ्यांनी ही कंबरदुखी थांबत नाही. तरीही त्या घ्याव्यात, कारण बाळाच्या हाडांसाठी आणि आईचा रक्तदाब आटोक्यात राहण्यासाठी त्या लागतात. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे.

त्या दिवशी मी सुनेला बोट ठेवून दाखवायला सांगितले. तिने कमरेच्या मधोमध आडवा तळहात फिरवला. ताप नव्हता, पोट मऊ होते, बाळाचे ठोके चांगले होते, लघवी स्वच्छ निघाली. इंजेक्शन दिले नाही. भिंतीचा व्यायाम दवाखान्याच्या भिंतीलाच करून दाखवला. सासूबाईंनी तो शेजारी उभे राहून स्वतःही करून पाहिला आणि म्हणाल्या, "आता या वयात मला चालेल का?" मी म्हटले, चालेल.

बाळंतपणानंतर

बाळंतपणानंतर बहुतेकींचे दुखणे काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत ओसरते. सिझेरियन झालेल्या अनेक भगिनी मात्र वर्षानुवर्षे सांगतात की पाठीत इंजेक्शन दिले तेव्हापासून कंबर गेली. सुई टोचल्या जागी चार-आठ दिवस दुखू शकते. पण अशी भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांची तुलना केली तेव्हा पुढे राहणाऱ्या कंबरदुखीत फरक आढळलेला नाही. कंबर धरते ती बहुधा वाकून बाळाला पाजल्याने, ताणलेले पोटाचे स्नायू परत बळकट न केल्याने आणि रात्रीच्या जागरणाने. पाजताना भिंतीला टेकून बसावे, मांडीवर उशी घेऊन बाळाला छातीपर्यंत उचलावे, आपण बाळाकडे वाकू नये. नैसर्गिक बाळंतपण झाले असेल तर पोटाचे हलके व्यायाम थोड्याच दिवसांत सुरू करता येतात, सिझेरियन असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून. तीन महिन्यांनंतरही कंबर तशीच दुखत असेल तर बाळाला डोस द्यायला नेताना स्वतःलाही दाखवून घ्यावे.